‘बुडीत’चे अभिप्राय

खेळ सुरू होण्याआधी पडद्यावर एक सूचना यायची. पाणी ओसरताना तळ दिसावा तशी अक्षरं हळूहळू वर यायची: ‘तुम्ही ज्याकडे बघायचं टाळता, ते हा खेळ लक्षात ठेवतो. तयारी असेल तरच पुढे जा.’ खाली ‘समजलं’ असं बटण. वाक्य पुरतं वर यायच्या आतच मी ते दाबलं. पोरगी कडेवर होती, डाळ गॅसवर होती, आणि असल्या सूचना आपण वाचतो कुठे? लिफ्टमध्ये, औषधाच्या वेष्टनावर, फोनमध्ये, जिकडेतिकडे कोणी ना कोणी आपल्याला सावध करतच असतं. भुताखेताचा खेळ आहे, भीती घालायला लिहिलं असेल, असं म्हणून मी पुढे गेले.

शिवाय खेळणं हा माझ्या कामाचाच भाग होता. पुण्याच्या एका लहानशा कंपनीने तो खेळ केला होता आणि खेळणाऱ्यांचे अभिप्राय वाचायचं काम मला मिळालं होतं. साताऱ्यात घरी बसून, पोरीला, शर्वीला, सांभाळत करता येण्यासारखं. भाषाशास्त्रात एम.ए. केल्याचा एवढा उपयोग होईल असं मला किंवा माझ्या नवऱ्याला, प्रणवला, कधी वाटलं नव्हतं. शर्वी तेव्हा नुकती बसायला लागली होती, म्हणजे बसून बाजूला कलंडायला लागली होती.

खेळाचं नाव ‘बुडीत’. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक गाव. एका कडक उन्हाळ्यात पाणी इतकं खाली जातं की गाव पुन्हा उघडं पडतं: घरांची जोती, पार, देवळाचे खांब, गाळाने भरलेल्या चुली. गाव उठलं तेव्हा सगळे निघून गेले, पण कोणीतरी एक जण मागे राहिला, अशी गोष्ट. आपण त्या ओल्या घरांतून फिरायचं, कोडी सोडवत एकेक दार उघडायचं आणि मागे कोण राहिलं ते शोधायचं. शेवटी घाटावर ते माणूस भेटतं. म्हणजे त्याच्याकडे सरळ बघता आलं, तर भेटतं. नाहीतर पाणी पुन्हा चढू लागतं.

खेळ बाजारात आला आणि अभिप्रायांत भांडणं सुरू झाली. एकाने लिहिलं, काठी टेकत येणारा म्हातारा फार जिवंत केलाय. खाली एका मुलीने त्याला झापलं, की म्हातारा कुठला, शाळेच्या गणवेशातली पोरगी आहे ती, आधी खेळ पुरा करा आणि मग लिहा. तिसऱ्याला कुत्रा दिसला होता. नांदेडच्या एका गृहस्थांचं म्हणणं, भूत थेट आमच्या पीटीच्या सरांसारखी शिट्टी वाजवतं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? एकाची तक्रार होती की आख्खा खेळ संपला तरी भूत आलंच नाही, माझा फोन बिघडलाय की तुमचा खेळ? त्यावर कोणीतरी लिहिलं, ‘दादा, तुमचं लग्न झालेलं नाही वाटतं.’ त्या दिवशी सगळ्यात जास्त पसंती त्या ओळीला मिळाली.

हे अभिप्राय आधी एक यंत्र वाचायचं. आम्ही त्याला चाळणी म्हणायचो. चाळणी प्रत्येकावर शिक्का मारायची: समाधानी, असमाधानी, अडकलेला, शिवराळ. जिथे तिला ठरवता येत नसे ते माझ्याकडे यायचं, आणि मराठी माणूस कौतुकसुद्धा तोंड वाकडं करून करतो, त्यामुळे माझ्याकडे पुष्कळ यायचं. ‘बरा आहे’ म्हणजे उत्तम. ‘ठीक’ म्हणजे वाईट. ‘वा, करा अजून असलेच खेळ’ म्हणजे शिवी. हे मी तिला पोराला अक्षरं गिरवायला शिकवावं तसं शिकवत होते.

प्रत्येकाला वेगळं भूत का दिसतं, हे मला फरीदा मॅडमनी समजावलं. फरीदा मुलाणी, खेळाची सगळी रचना त्यांची. व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला हात लांब करून स्वतःच्या अंगठ्याच्या नखाकडे बघायला लावलं.

“तेवढंच तुला एका वेळी स्वच्छ दिसतं,” त्या म्हणाल्या. “बाकीचं सगळं पुसट. मेंदू ते जुळवून घेतो आणि तुला वाटतं, आपल्याला खोली दिसतेय.”

म्हणून डोळा सारखा उड्या मारत असतो, एका सेकंदात तीन-चार वेळा, आणि उडी कुठे मारायची हे बहुतेक वेळा आपण ठरवतच नाही. ज्याची धास्ती असते त्या गोष्टीवर तो आधी चटकन जातो आणि तितक्याच चटकन निसटतो. बाहुली मोठी होते, पापणी अवेळी मिटते, इअरफोनला नाडीतला फरक कळतो. फोनचा पुढचा कॅमेरा हे सगळं आता सहज टिपतो. ‘बुडीत’मधल्या प्रत्येक घरात त्यांनी साध्या वस्तू ठेवल्या होत्या: काठी, कंगवा, दप्तर, औषधाची बाटली, कुत्र्याचा पट्टा, पाळणा. ज्या वस्तूवरून तुमची नजर निसटते, ती पुढच्या घरात थोडी जवळ येते. आणि तिच्यातूनच मग ते मागे राहिलेलं माणूस घडत जातं.

“खेळाला कारण कळत नाही,” मॅडम म्हणाल्या. “फक्त जागा कळते. जीभ कशी दुखरा दात बरोबर शोधते, तसं.”

कोणाची नजर कशावरून निसटली ही नोंद फोनच्या बाहेर जात नसे. कंपनीलाही ती दिसत नसे. मॅडमनी त्यासाठी वरच्या लोकांशी भांडून तसा शब्द घेतला होता.

माझ्या खेळात पाळणा आला.

पहिल्या घरात तो कोपऱ्यात होता, पुढच्या घरात दारासमोर. मग एका घरात शिरले, तर ओल्या भिंतींच्या मधोमध दुसरं काहीच नाही, फक्त तो, गाळाचं पाणी ठिबकवत हलणारा. आत काय आहे ते बघितल्याशिवाय पुढचं दार उघडणार नव्हतं. मी फोन पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती ती.

कारण मला माहीत होतं. शर्वी झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरायचे. श्वास लागला की हायसं वाटायचं, आणि लगेच शंका, की हा पंख्याचा वारा तर नाही? मग पुन्हा बोट. तिला घेऊन जिना उतरताना माझ्या मनात एक चित्र यायचं, ते काय ते इथेही लिहवत नाही. चांगल्या आईच्या मनात असली चित्रं येत नाहीत, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, आणि शर्वीचं सगळं अगदी वेळच्या वेळी करत होते.

तोवर बाहेर ‘तुला कोण दिसलं?’ हा प्रश्नच झाला होता. नातेवाइकांत, ऑफिसात, लग्न ठरवताना. एका अभिप्रायात एका मुलाने लिहिलं होतं की तिला मी दिसलो म्हणून तिने साखरपुडा मोडला, आता तुम्हीच तिला समजवा. हळूहळू लोक खोटं बोलायला शिकले. काठीवाला म्हातारा हे सगळ्यात सोयीचं उत्तर होतं. म्हातारा कोणाच्या घरात नसतो? प्रणवने एका रविवारी पोहे खाताना विचारलं, तेव्हा मीही तेच सांगितलं.

“मला पण म्हाताराच,” तो म्हणाला. मग आम्ही दोघं हसलो आणि पोह्यात लिंबू पिळलं.

अशातच मला ओलीपायरी सापडली. हे तिचं खेळातलं नाव. ती दर थोड्या दिवसांनी अभिप्राय लिहायची, आणि ते चाळणीला कधीच कळायचे नाहीत, म्हणून माझ्याकडे यायचे. ‘गाळ इतका खरा केलाय की हात धुवावेसे वाटतात. येते.’ ‘उतरंडीच्या कोड्यात मडकी चुकीच्या क्रमाने लावली आहेत. लहान मडकं खाली ठेवणारी बाई अजून जन्मायची आहे. येते.’ मग एकदा: ‘तुमच्या पाळण्याचा आवाज अगदी आमच्या पाळण्यासारखा आहे. आमचं एक घुंगरू यांनी दोऱ्याने बांधून टाकलंय, बाळ दचकतं म्हणून. तुमचं कोण बांधणार? येते.’ आणि त्यानंतर: ‘आज पाळण्यापर्यंत गेले आणि परत फिरले. कोणाला सांगायची सोय नाही म्हणून तुम्हाला सांगते. येते.’

तो शेवटचा अभिप्राय मी कितीदा वाचला असेल. उत्तर द्यायची आम्हाला परवानगी होती ती फक्त तांत्रिक प्रश्नांना. मी लिहिलं, ‘पाळण्यापाशी थांबायची घाई नाही. खेळ वाट बघतो.’ ते तांत्रिक उत्तर म्हणून खपून गेलं.

चाळणीने तिच्या ‘येते’चा स्वतःपुरता अर्थ लावून टाकला होता: ही परत येणारी खेळाडू आहे. अर्थ तसा चूक नव्हता, म्हणून मी दुरुस्त केला नाही.

मग तो मंगळवार. सकाळची कामं उरकली होती, शर्वी चटईवर डब्याचं झाकण चघळत होती. चाळणीने ‘समाधानी’ ठरवलेले अभिप्राय माझ्याकडे येत नसत, पण मी अधूनमधून त्यांत डोकावायचे, भाताचं एखादं शीत दाबून बघावं तसं. त्यात ओलीपायरी होती. पाच तारे. ‘आज पाळण्यात नीट बघितलं. आता काही वाटत नाही. सगळं जागच्या जागी लावून झालं. खेळ खूप छान आहे, सगळ्यांचे आभार. जाते.’

वर हिरवा शिक्का: समाधानी. खेळ पूर्ण.

आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणत नाही. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालेली बाईसुद्धा ‘येते हं’ म्हणते. चुकून कोणी ‘जातो’ म्हणालं तर दारातूनच दटावणी मिळते, की जातो म्हणू नये, येतो म्हणावं. हे कोणी शिकवत नाही आणि कोणी विसरत नाही. प्रत्येक वेळी ‘येते’ लिहिणारी बाई ‘जाते’ लिहिते, तेव्हा तिचं बोट घसरलेलं नसतं. त्या पहिल्या अक्षरापाशी ती थांबलेली असते.

आणि ‘आता काही वाटत नाही’. खेळाच्या हिशेबाने हे यश होतं. नजर निसटायची, ती आता ठरली, म्हणजे भीती गेली. पण मी पाळण्याकडे न बघू शकणारी बाई होते. मला ठाऊक होतं की ती भीती अशी एका सकाळी जात नाही. भीती वाटते कारण अजून आपण इथे असणार आहोत, बाळाला सांभाळणार आहोत, आणि आपल्या हातून काही होईल की काय याची धास्ती आहे. जिने आपण इथे नसायचंच ठरवलं, तिला कसली धास्ती?

मी फरीदा मॅडमना फोन लावला. त्यांनी अभिप्राय मोठ्याने वाचला आणि शेवटचा शब्द पुन्हा एकदा वाचला.

“आमच्यातही नाही म्हणत असं,” त्या म्हणाल्या.

खेळाडूचा नंबर खेळातल्या बिघाडाशिवाय दुसऱ्या कशासाठीही वापरायचा नाही, असा नियम होता, आणि तो त्यांनीच घालून घेतला होता. पण त्यांना नियमाची तेवढी काळजी नव्हती. त्या म्हणाल्या, समज आपण चुकलो. ती फक्त खेळ संपला म्हणून जाते म्हणाली असेल. आणि आपण तिच्या सासरी फोन करून सांगणार, की तुमच्या सुनेचं डोकं ठिकाणावर नाही असं आम्हाला वाटतं. एका फोनने तिच्यावर शिक्का बसेल. आपण फोन ठेवून मोकळ्या होऊ, ती त्या घरात जन्मभर ‘तसली’ म्हणून राहील. हा विचार केलायस का रुचिरा तू?

केला होता. माझ्याविषयी असा फोन प्रणवला आला असता तर मला काय वाटलं असतं, तेही मनात येऊन गेलं होतं. कदाचित मी पुन्हा कोणाशीही बोलले नसते.

“मॅडम, चुकलं तर तिला माझ्यावर चिडू दे,” मी म्हणाले. “चिडायला ती असू दे.”

त्यांनी नंबर काढला. म्हणाल्या, मी लाइनवर असेन, पण बोल तू.

खातं नवऱ्याच्या नंबरावर होतं, तिचा स्वतःचा नंबर आमच्याकडे नव्हता. त्याचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान, हे मला नंतर कळलं. गावाचं नाव मी लिहिणार नाही, आणि तिचं खरं नावही. फोन उचलला तेव्हा मागे एक यंत्र घरघरत होतं. मी सांगू लागले की मी खेळ बनवणाऱ्या कंपनीतून बोलतेय आणि तुमच्या घरच्यांविषयी जरा महत्त्वाचं आहे.

“ओटीपी मिळणार नाही,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. या वेळी त्याने मला सुनावलं, की बाईमाणूस असून लाज वाटत नाही का, दुसरं कोणीतरी गाठा. पुन्हा ठेवला. चूक त्याची नव्हती. मीही असले फोन असेच ठेवते. शर्वी झाकण आपटत होती. मी परत नंबर लावला आणि त्याने ‘हॅलो’ म्हणायच्या आतच बोलून टाकलं.

“तुमच्या पाळण्याचं एक घुंगरू तुम्ही दोऱ्याने बांधलंय. बाळ दचकतं म्हणून.”

मागचं यंत्र बंद झालं.

“हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुमच्या बायकोने. खेळाबद्दल लिहिताना लिहिलंय. दादा, आत्ता घरी कोण आहे?”

“ती आहे. बाळ आहे. आई मावशीकडे गेलीय. झालंय काय पण?”

“मला माहीत नाही. काही झालं नसेलही. तिने आज जे लिहिलंय ते मला निरोपासारखं वाटतंय. शेजारच्या कोणाला तरी आत्ताच्या आत्ता तिच्याजवळ बसायला पाठवा, आणि तुम्ही निघा.”

“छे हो,” तो म्हणाला. “उलट आज चांगली आहे ती. कित्येक दिवसांनी डोक्यावरून न्हाली सकाळी. माझा डबा भरला. आईच्या गोळ्या वाराप्रमाणे लावून ठेवल्या. बाळाचे कपडे घड्या घालून, कुठले कधी घालायचे ते मला दाखवलं…”

तो बोलत होता आणि त्याचा आवाज सावकाश होत गेला. आपलंच बोलणं आपल्याला पहिल्यांदा ऐकू यावं तसा. मग फोन बंद झाला. न सांगताच मला कळलं, की तो धावतोय.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. मॅडम लाइनवरच होत्या. त्यांनी तेवढ्यात त्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागाचा नंबर शोधून ठेवला. मी शर्वीला वरणभात भरवला. निम्मा तिने माझ्या केसांना लावला, आणि मी तो तसाच राहू दिला.

दुपार कलताना त्याने स्वतःहून फोन केला. शेजारच्या वहिनी आधी पोचल्या होत्या. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसलेली सापडली, चपला घालून. बाळ आत दूध पिऊन झोपलेलं. वहिनींनी काही विचारलं नाही, नुसता तिचा हात धरला आणि शेजारी बसल्या, आणि अजून सोडला नव्हता.

“रडत पण नाही हो,” तो म्हणाला. “मी काय बोलू तिच्याशी?”

निदान बाळाकडे तरी बघ, असं म्हणू नका, मी सांगितलं. ते तिने पुष्कळ बघितलंय. क्षणभरही एकटं सोडू नका आणि आजच दवाखान्यात न्या. पाठवू नका, बरोबर जा. बाळंतपणानंतर होतो हा आजार, कोणाच्या चांगल्या-वाईटपणाचा त्याच्याशी संबंध नाही, आणि औषधपाण्याने बरा होतो. हे सगळं मी इतक्या ठामपणे सांगत होते की पलीकडून ऐकणाऱ्या फरीदा मॅडमना वाटलं, मला यातलं बरंच कळतं. मी ते त्याला सांगत होते तितकंच स्वतःला सांगत होते.

फोन ठेवण्याआधी तो म्हणाला, “घर भरून माणसं येऊन गेली, ताई. कोणाच्याच कसं लक्षात आलं नाही?”

मॅडम पुढे बरेच दिवस अस्वस्थ होत्या. पाळणा आपण तिच्याजवळ सरकवला, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी म्हणायचे, पाळणा तिच्या घरात होताच. त्या म्हणायच्या, नजर स्थिर होण्याची दोन कारणं असू शकतात हे मी धरलंच नाही. मला शांतता आणि निश्चय यांतला फरक मोजता येत नाही आणि मी त्यावर शेवट बांधला. पुढच्या आवृत्तीत त्यांनी घाटावरचा तो शेवट काढून टाकला. टाळलेल्या वस्तूपासून दूर राहूनही आता गावाबाहेर पडता येतं. काही खेळाडूंनी लिहिलं की खेळ मिळमिळीत झाला. चाळणीने त्यांना असमाधानी ठरवलं, ते बरोबरच होतं.

मग कंपनीत वरून एक कल्पना आली. नजरेची नोंद फोनमध्येच का ठेवायची? ती धोक्याची वाटली तर घरच्यांना आपोआप निरोप जावा. जीव वाचतील. मी ते वाचलं आणि मला प्रणवचा फोन दिसला, त्यावर निरोप आलेला: तुमची पत्नी पाळण्याकडे बघायचं टाळते आहे. तसं होणार असतं तर मी पहिल्याच घरात खेळ पुसून टाकला असता. ओलीपायरी मोकळेपणी लिहू शकली, कारण खेळ कोणाला काही सांगत नव्हता. आणि ती वाचली, कारण आम्ही सांगितलं. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि ती एकमेकांशेजारी नीट बसत नाहीत. मॅडमनी ती कल्पना तूर्त अडवून धरली आहे. तेवढं मात्र झालं, की ‘समाधानी’ शिक्का बसलेला, निरोप घेणारा प्रत्येक अभिप्राय आता माणूस वाचतो.

त्या मंगळवारच्याच आठवड्यात एका संध्याकाळी, शर्वी प्रणवच्या पायांवर घोडा-घोडा करत असताना, मी त्याला सांगितलं की मला म्हातारा दिसला नव्हता. पाळण्याचं सांगितलं, बोटाचं सांगितलं, जिन्यावरच्या चित्राचंही. त्याचे पाय थांबले. शर्वीने ‘हं, हं’ करून ते हलवायला लावले.

“तू सगळं इतकं नीट करत होतीस,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला जमलंय.”

मग पायांवरच्या पोरीकडे बघत तो म्हणाला, “मलाही म्हातारा नव्हता दिसला. कंगवा होता. केस न विंचरलेली एक बाई होती, पाठमोरी. मी चेहरा बघायला गेलोच नाही. मला वाटलं, मला कळलंय कोण ते.”

दुसऱ्या दिवशी त्याने अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. मी अजून जाते. बोट धरायची सवय कमी झाली आहे, गेलेली नाही. ते चित्र येतं, पण आता मी ते येताना ओळखते, आणि प्रणवला सांगते, की आलं बघ. तो म्हणतो, बरं.

दोनेक महिन्यांनी ओलीपायरीचा अभिप्राय आला. एक तारा. ‘उतरंडीचं कोडं सुधारलं म्हणता, पण मडकी अजून चुकीचीच आहेत. आणि आवाज कमी करायची सोय पडद्याच्या त्या टोकाला कोणी ठेवली? मांडीवर बाळ घेऊन एका हाताने खेळून दाखवा मग कळेल. अत्यंत गैरसोयीचा खेळ.’ चाळणीने शिक्का मारला: असमाधानी. मी तो वाचला, फरीदा मॅडमना पाठवला, आणि त्यांनी उत्तरादाखल फक्त मडकी नीट लावलेलं एक चित्र पाठवलं.

तिच्या नवऱ्याचं ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाही. घर भरून माणसं येऊन गेली. ती सगळी बाळ बघायला आली होती. आपल्याकडे म्हणतातच तसं, बाळ बघायला जायचंय. झबली-टोपडी नेतात, बाळाच्या हातावर काहीतरी ठेवतात, नाक कोणाचं आणि रंग कोणाचा यावर वाद घालतात, चहा पितात आणि निघतात. माझ्याकडेही असेच आले होते सगळे. त्यातल्या एकीलाही मी कशी दिसत होते ते आठवत नसेल.

तुम्ही हे वाचताय तर तुमच्या ओळखीत अशी कोणी असेलच. भाची, मैत्रीण, वरच्या मजल्यावरची नवी सून, ऑफिसातून रजेवर गेलेली ती शांत मुलगी. सगळं वेळच्या वेळी करणारी असेल तर आधी तिच्याकडे जा. फोन करू नका, फोनवर ती ‘छान चाललंय’ म्हणेल. दार उघडल्यावर ती सवयीने बाळ पुढे करेल. बाळ घ्या, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हातात द्या. मग तिच्याजवळ खाली बसा, तिच्या चेहऱ्याकडे बघा, आणि विचारा की तू कशी आहेस. ती ‘बरी आहे’ म्हणेल. तरी उठू नका. आणखी थोडा वेळ बसून राहा.